पत्रपेटी: मामांचं चॅनेल, शर्यतीचं पेज आणि एक खोटं कात्रण

गेल्या अंकात सदराच्या तळाला दोन ओळी टाकल्या होत्या, ‘मोबाईलवर फिरणाऱ्या राजकीय मजकुराबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा.’ एरवी या सदरात भाडेकरू, सामाईक बांध, वारसनोंद असलीच पत्रं येतात. या वेळी पोस्टमननं गठ्ठा आणून ठेवला. तीन-चार जणांनी आधी हेच विचारलंय की, तुम्ही कोण हे सांगणाऱ्या? रास्त आहे. मी वकील नाही, पत्रकार नाही. कराडात एसटी स्टँडजवळ २२ वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, दहाव्याची कार्डं आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं. मशीनच्या मागून बघितलेलं राजकारण एवढंच माझं भांडवल. सहा पत्रं घेतली आहेत, नावं गाळून.

ताई, माझे सासरे (आम्ही मामा म्हणतो) एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. सकाळी चहाच्या आधी यूट्यूबवर एकाच माणसाचा व्हिडिओ लावतात, तो रात्री झोपेपर्यंत. तो बोलेल तेच जेवताना ताटावर. आमचे हे दुसऱ्या पक्षाचे. परवा मामा भरल्या ताटावरून उठले. थोरल्या जाऊबाईंनी त्याच माणसाचा ‘लाडक्या बहिणींकडून सगळे पैसे परत घेणार’ हा व्हिडिओ बघितला, तेव्हापासून त्या खात्यातले पैसे काढत नाहीत. आजवर मामांनी एकच व्हिडिओ खोटा म्हणून टाकून दिला. पुरात एसटी वाहून जाताना दाखवली होती, सांगली आगाराची म्हणून. मामा म्हणाले, ‘ही आपली गाडी नव्हं, कर्नाटकची हाय.’ बाकी सगळं खरं मानतात. कसं बोलावं त्यांच्याशी?
(एक सून, वाळवा तालुका)

बाई, उत्तर तुझ्याच पत्रात आहे, शेवटून दोन ओळींत. जिथं मामांना स्वतःला कळतं तिथं त्या माणसाची काही मात्रा चालली नाही. गाडीची बॉडी, खिडक्यांची ठेवण, पट्ट्याचा रंग, एवढं त्यांनी चालत्या व्हिडिओत पकडलं. म्हणजे नजर शाबूत आहे. ती राजकारणावर लावत नाहीत, कारण तिथं आपल्याला काही कळत नाही आणि त्या माणसाला कळतं असं त्यांनी धरून ठेवलंय. त्यांना ‘तुम्हाला फसवतात’ म्हणू नका. इतकी वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. उलट विचारा, ‘मामा, त्या एसटीचं तुम्ही कसं ओळखलंत?’ आणि सांगू द्या. अर्धा तास लागेल, लागू दे. मग कधीतरी, दुसऱ्या दिवशी, ‘हाच माणूस ना तो, ज्यानं कर्नाटकची गाडी आपली म्हणून दाखवली?’ एवढंच. पुढं काही बोलायचं नाही.

जेवताना तर मुळीच बोलायचं नाही. तुझ्या नवऱ्यालाही सांग. भरल्या ताटावर हरलेला बाप दुसऱ्या दिवशी दुप्पट व्हिडिओ बघतो, हे मी माझ्याच माहेरी बघितलंय.

त्या माणसाचा धंदा मात्र मामांना समजून सांगण्यासारखा आहे, आणि तो त्यांना लगेच कळेल, कारण ते गल्ला, फेरी, भारमान (गाडी किती भरली) यात आयुष्य घालवलेले आहेत. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारण १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनेलवाल्याचे. व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर गेला की मधे मधे जाहिराती घालता येतात. आता मामांना म्हणावं, त्याचे व्हिडिओ किती मिनिटांचे असतात बघा. मुद्दा दोन मिनिटांत संपतो, पण ‘थांबा मित्रांनो, खरी गोष्ट पुढं आहे’ करत तो नवव्या मिनिटापर्यंत नेतो. रिकामी गाडी फिरवली तर डिझेल अंगावर येतं, म्हणून तो सीट भरतोय. राग आलेलं माणूस सीट सोडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

जाऊबाईंचं वेगळं. यात थोडं खरं होतं आणि त्यावर सगळं खोटं चढवलंय. सरकारी नोकरीत असूनही योजनेचे पैसे घेतलेल्या बायकांवर कारवाईच्या बातम्या आल्या होत्या. त्यातलं ‘सरकारी नोकरीत असलेल्या’ काढलं आणि ‘सगळ्या’ घातलं, झाला व्हिडिओ. योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा आहे. वय २१ ते ६० (जुलै २०२४ मध्ये ते ६५ केलं), कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत वगैरे अटी त्यात आहेत. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, त्यावर तारीख आणि लांबलचक संकेतांक असतो. सेवा केंद्रात दहा रुपयांत प्रिंट मिळेल. ती जाऊबाईंच्या हातात द्या, मोबाईल नको. कागदाचा धीर वेगळा असतो.

आणि एक. पूर आला की तुमच्याकडं कुणी यूट्यूबवाल्याला विचारतं का पाणी किती चढलं? ‘आयर्विनला किती फूट?’ असंच विचारतात, म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीच्या पोराला शाळेच्या आधी कळतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेही फुटातच लक्षात आहे सगळ्यांच्या. २०२१ च्या पुरात २०१९ चे व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते, तरी जुनी माणसं पुलाचे फूटच विचारत राहिली. राजकारणाला असा पूल नाही ही खरी अडचण. पण शासन निर्णय हा एक फूट, उमेदवाराचं शपथपत्र हा दुसरा फूट. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, त्यात मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे उमेदवारानंच लिहून दिलेले असतात. मामांना एकदा आपल्या आवडत्या आणि नावडत्या अशा दोन्ही नेत्यांचं शपथपत्र वाचायला द्या. आवडत्याचं आधी.

सोबत व्हॉट्सॲपवर आलेल्या पेपरच्या कात्रणाचा फोटो पाठवला आहे. एका नेत्यानं मराठी शाळांबद्दल वाईट बोलल्याची बातमी आहे. आमच्या गल्लीत यावरून दोन दिवस धुरळा उडाला. बातमी पेपरात छापून आली म्हणजे खरीच ना?
(मिरज)

हे कात्रण कुठल्याही पेपरात छापलेलं नाही. हे कुणीतरी संगणकावर बसून बनवलंय, आणि घाईत बनवलंय.

तारीख बघा: ‘सांगली, दि. ३१ नोव्हेंबर’. नोव्हेंबरला ३१ तारीख नसते. इथंच निकाल लागला, पण बाकीचंही बघून घ्या, कारण पुढच्या वेळी तारीख बरोबर असेल. पेपरच्या कॉलमला दोन्ही कडा सरळ असतात, त्यासाठी शब्दांमधली जागा ताणलेली असते. तुमच्या कात्रणाची उजवी कड उंदरानं कुरतडल्यासारखी आहे. मग अक्षरं. मराठी छपाईत ल पाकळीचा आणि श देठाचा असतो, राज्य सरकारनं २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात तेच ठरवून दिलंय. इथं ल दंडाचा आहे, हिंदी वळणाचा, मोबाईलमध्ये आयता येतो तसा. ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा र बघा, ‘शेतकर्यांना’ झालाय. एखाद्या पेपरात एखादी चूक निघते, पण चार चुका एका वितीत निघत नाहीत. शेवटचं म्हणजे, वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो. फोटो काढला की मागच्या पानाची छपाई थोडी तरी दिसते, एखाद्या जाहिरातीची उलटी अक्षरं. तुमचं कात्रण मागून कोरं करकरीत आहे. त्या पेपरचा त्या तारखेचा ई-पेपर उघडा, दोन मिनिटांचं काम.

हे मला इतकं बारीक कसं दिसतं ते सांगायला हवं. मी स्वतः असं एक बनवलंय.

बारा-तेरा वर्षं झाली. ग्रामपंचायतीची निवडणूक, मतदानाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं. घरातल्या दोन पत्रिका आमच्याकडंच केलेल्या. हातात वहीचं पान: अमुक बाईंनी माघार घेतली, तमुक पॅनलला पाठिंबा दिला. ‘ताई, पेपरच्या बातमीसारखं दिसलं पाहिजे.’ मी काय विचारलं असेल? ‘किती कॉलम?’ हे विचारलं. दोन कॉलम, वर हेडिंग, कडेला अर्धवट कापलेली दुसरी बातमी, म्हणजे पेपरातून फाडल्यासारखं वाटेल. ही शेवटची युक्ती माझी, त्यानं सांगितली नव्हती. दीडशे रुपये घेतले. झेरॉक्स त्यानं दुसरीकडं मारल्या आणि मतदानाच्या पहाटे घरोघर उंबऱ्यात टाकल्या. त्या बाई विधवा होत्या, पहिल्यांदा उभ्या राहिल्या होत्या. नऊ मतांनी पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच बाई मुलीची पत्रिका करायला माझ्याकडं आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. मी कार्डं अर्ध्या दरात दिली. ‘एवढी स्वस्त कशी?’ म्हणाल्या. ‘सीझन नाही म्हणून,’ मी म्हणाले. मे महिना चालू होता.

ताई, माझं इन्स्टाग्रामला बैलगाडी शर्यतीचं पेज आहे. आदत, बिनजोड अशा शर्यती, मैदानाची माहिती, जिंकलेल्या बैलांचे रील. ४१ हजार फॉलोअर आहेत. परवा एका साहेबांच्या ऑफिसातला माणूस चहाला भेटला. एका रीलचे दोन हजार देतो म्हणतोय, वीस रील. मजकूर ते देणार, आवाज माझा. पैसे घेतल्याचं कुठं लिहायचं नाही. पहिल्या रीलला त्यांनी विरोधी उमेदवाराची नऊ सेकंदांची क्लिप दिलीय, ‘शेतकऱ्याला पाण्याची गरज नाही’ असं तो बोलतोय. मी पूर्ण भाषण शोधलं तर तो म्हणतो, ‘शेतकऱ्याला पाण्याची गरज नाही म्हणणाऱ्यांना मी विचारतो…’ घरी वडिलांचं ऑपरेशन काढायचंय. चाळीस हजार कमी नाहीत. सगळेच करतात. तुम्ही काय केलं असतं?
(खटाव तालुका)

तुला अरे-तुरे करते, धाकट्याएवढा आहेस. मी काय केलं असतं ते वर वाचलंसच. म्हणून मी तुला शहाणपण शिकवायला बसलेली नाही, आमच्या धंद्यातली एक ओळ तेवढी दाखवते.

आमदारकी, खासदारकीच्या कुठल्याही प्रचारपत्रकाच्या तळाला बारीक टायपात लिहिलेलं असतं: मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, प्रती इतक्या. ती शोभेची ओळ नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ आहे. छापून घेणाऱ्यानं सहीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि आम्ही पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायची. चुकलं तर सहा महिने कैद, दोन हजार दंड किंवा दोन्ही. दर निवडणुकीला कुणी ना कुणी यायचं, ‘ताई, ती खालची ओळ काढा की, डिझाईन बिघडतंय.’ बावीस वर्षांत डिझाईनची काळजी करणारी हीच माणसं मी बघितली. त्या ओळीवर बोट ठेवणाऱ्याचा मजकूर मी मग शब्दन् शब्द वाचायची.

तुला ‘पैसे घेतल्याचं लिहायचं नाही’ म्हणाला ना, तो तुझ्याकडून तीच ओळ काढून घेतोय.

तो बूस्ट का मारत नाही, तुझ्याकडं का आला, हेही बघ. फेसबुक-इन्स्टाला पैसे भरून राजकीय जाहिरात केली की त्यावर पैसे कोणी दिले ते येतं, आणि मेटाच्या ॲड लायब्ररीत ती जाहिरात सात वर्षं राहते, साधारण किती खर्च झाला त्यासकट. कुणीही उघडून बघावं. तुझ्या हातात रोख टेकवले की यातलं काहीच राहत नाही. निवडणूक आयोगानं २५ ऑक्टोबर २०१३ लाच सांगून ठेवलंय की सोशल मीडियावरच्या जाहिरातीलाही आधी प्रमाणपत्र लागतं आणि मजकूर बनवणाऱ्यांना दिलेले पैसेही उमेदवाराच्या खर्चात धरायचे. विधानसभेला ही मर्यादा ४० लाखांची आहे. तुझे चाळीस हजार त्यात दिसणार आहेत का, हे त्या माणसाला विचार. चहा अर्धा टाकून उठेल.

गंमत बघ, साबण नाहीतर केसांचं तेल विकणाऱ्या इन्फ्लुएन्सरनं पैसे घेतले तर तसं लिहायला हवं, असे नियम जाहिरातवाल्यांच्या परिषदेनं २०२१ मध्ये केले. राजकीय जाहिराती त्या परिषदेच्या कक्षेतच येत नाहीत. तेलाला नियम आहे, आमदाराला नाही.

क्लिपबद्दल तू स्वतःच पूर्ण भाषण शोधलंस, त्यामुळं ‘मला माहीत नव्हतं’ हे तुझ्यापुरतं संपलं. निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हा भारतीय न्याय संहितेत, कलम १७५ खाली, दंडाचा गुन्हा आहे. ही क्लिप त्यात बसते की नाही ते वकील सांगेल. पण प्रकरण उभं राहिलंच तर रीलवर आवाज तुझा असेल, साहेबांचा नाही. आणि तुझं गाव खटावमध्ये. जिथं उरमोडी धरणाचं पाणी आलं का, जिहे-कठापूर योजनेचं कधी सुटणार, यावर माणसं पिढ्यानपिढ्या मतं देत आलीत, तिथं पाण्यावरचं खोटं पेरायला तुझा आवाज त्यांना हवाय. बिनजोडच्या मैदानात निकाल कोणी कसा फिरवला हे तू रीलमधून दाखवतोस म्हणून लोक तुला मानतात. ते मानणंच दोन हजाराला विकत घेतायत.

क्लिप फिरते म्हणजे खोटीच असं नाही. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवारांची पावसातली सभा झाली, त्याचा व्हिडिओ रातोरात देशभर गेला. तो खरा होता, पाऊसही खरा होता. त्या फोटोचे फ्लेक्स मी पुढं इतके छापले की निळी शाई संपली. पण तोच फोटो वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात ‘आजची सभा’ म्हणूनही फिरवता येतो, आणि मग खऱ्या फोटोखाली खोटी तारीख येते.

वडिलांच्या ऑपरेशनचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते जिल्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. हे आधी कर. आणि प्रचार करायचाच असेल तर कर की, कोण अडवतंय. स्वतःच्या मनानं, स्वतःच्या नावानं, पैसे घेतले असतील तर तसं लिहून.

मी निवृत्त शिक्षक. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, ३८० सभासद. ‘पोरं पळवणारी टोळी आली आहे, अमुक लोकांपासून सावध राहा’ असा मेसेज आला. खाली एका राजकीय पेजचा शिक्का. मी तो उडवला तर लोक म्हणतात, ‘गुरुजी, तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ उद्या काही झालं तर ॲडमिन म्हणून मला धरतील का?
(जत तालुका)

गुरुजी, तुम्ही बरोबर केलंत. तुमच्याच तालुक्यात लवंग्याला सप्टेंबर २०२२ मध्ये काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. पंढरपूरकडं निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी वाट विचारली आणि पोरं पळवणारे समजून लोकांनी त्यांना पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. ते वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण वाचले नाहीत. नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गेलेले. मोबाईलवरची अफवा तीच, शब्द बदललेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल असं केलं. दोन बाणांची खूण असलेला मेसेज तुमच्यापर्यंत यायच्या आधी निदान पाच हातांतून गेलेला असतो. आमच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सप्टेंबर २०२३ मध्ये आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल झाली, एक तरुण गेला, जिल्ह्याचं इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तेव्हा तुमच्यासारखा कुणी गुरुजी किती ग्रुपवर होता, कोण जाणे.

कायद्याचं: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळं धास्ती नको. आता ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, ते तुम्ही केलंतच. वातावरण तापलं तर दोन दिवस ‘फक्त ॲडमिन’ करून ठेवा.

शिक्क्याकडं मात्र बघा. फेसबुकवर त्या पेजच्या पारदर्शकतेच्या भागात ते कधी सुरू झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं ते दिसतं. आधी देवाच्या नावानं, नाहीतर ‘सैन्य भरती माहिती’ म्हणून लोक गोळा करायचे, भीतीचे मेसेज टाकून वाढवायचे आणि निवडणुकीच्या तोंडावर नाव बदलून साहेबांचं करायचं, ही जुनी पद्धत आहे. ज्यानं मेसेज टाकला त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका. तुमचाच विद्यार्थी असणार. घरी जा, पाणी मागा, मग बोला.

नेत्याचा आवाज असलेली ऑडिओ क्लिप खरी की एआयची, कानानं कसं ओळखायचं?
(विटा)

नाही ओळखता येत. मलाही नाही, तुम्हालाही नाही, कानावर भरवसा ठेवूच नका. क्लिप कधी आली ते बघा. २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि आदल्या रात्रीच आवाजाच्या क्लिपांवरून गदारोळ झाला. तपासायला वेळच राहू नये अशा बेतानं आलेली वस्तू दोन दिवस बाजूला ठेवायची. त्यानं मत बदललंच पाहिजे असं काही नसतं. आयोगानं मे २०२४ मध्ये पक्षांना असला बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढायला सांगितलंय, पण तीन तासांत तो जत ते महाबळेश्वर फिरून आलेला असतो.

तुमचं सदर वाचतो. तुम्ही मुद्दाम आमच्याच पक्षाच्या लोकांचं खोटं तेवढं दाखवता. तुमचा कल सरळ दिसतो. छापायची हिंमत असेल तर छापा.
(सातारा)

छापलं. तुमच्या पाकिटाखाली दुसरं पाकीट होतं, पत्ता कोरेगावचा. त्यातलं वाक्य असं: ‘तुम्ही त्यांच्याच बाजूच्या आहात हे लहान पोरही सांगेल.’ तो माणूस तुमच्या विरुद्ध पक्षाचा. दोघांना एकमेकांचा पत्ता द्यायचा मोह झाला होता.

एक आठवण सांगते. एका निवडणुकीत दोन्ही पॅनलचे सभेचे फ्लेक्स एकाच रात्री माझ्याकडं होते. दोघांनाही नेत्याच्या मागं ‘तुफान गर्दी’ हवी होती. सभा अजून व्हायच्या होत्या, गर्दी आणायची कुठून? माझ्या ऑपरेटरनं पंढरीच्या वारीचा एक फोटो घेतला, तुळशी आणि पताका पुसल्या, एकाला पिवळा रंग मारला, दुसऱ्याला हिरवा. पहाटे दोन्ही फ्लेक्स एकाच चौकात समोरासमोर चढले, १० बाय २० चे. पुढच्या रांगेत एक म्हातारी आहे, कपाळाला बुक्का, दोन्ही हात वर केलेली. पंधरा दिवस ती दोन्ही साहेबांच्या सभेत उभी होती.